पाणी जुळेपर्यंत

बाराव्या थेंबाला काचेच्या नळीतलं पाणी हिरव्याचं लाल व्हायला हवं होतं. झालं नाही. राजकुमार आडेने नळी उजेडाकडे धरून हलवली, आणखी एक थेंब टाकला, मग आणखी एक. पाणी ओल्या हरभऱ्यासारखं हिरवंच राहिलं. सोळाव्या थेंबाला ते एकदम लाल झालं, जणू इतका वेळ लाल व्हायचं त्याच्या मनातच नव्हतं. थेंबांना दहाने गुणलं की पाण्याची क्षारता निघते. परवा सकाळी याच जागी, याच बाटलीतल्या औषधाने ती एकशे वीस आली होती आणि त्याने समाधानाने हात धुतले होते. आज एकशे साठ. त्याने नळी विसळली, पुन्हा भरली, पुन्हा थेंब मोजले. तेच. मागच्या अंगणातल्या कडुनिंबाची पिवळी पानं पोहण्याच्या टाकीत पडत होती आणि टाकीतलं पाणी, परवा निवळलेलं, आज पुन्हा किंचित धुरकट दिसत होतं.

पाणी स्वतःहून असं करत नाही. हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. खाणीच्या प्रयोगशाळेत कोळसा जाळायचा, उरलेली राख तोलायची आणि आकडा लिहायचा, यात त्याची नोकरी गेली होती. तिथे आकडा हलला की त्याला कारण असतं; नमुना ओला असतो, तराजू कललेला असतो, नाहीतर कोणाचा तरी हात लागलेला असतो. त्याने एकेक शक्यता बाजूला ठेवली. औषध नवं होतं. बोअरचं पाणी सोडलं असतं तर क्षारता चढली असती, कारण वणीच्या या बाजूचं बोअरचं पाणी म्हणजे पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरणारं, तुरीची डाळ शिजू न देणारं. पण पाण्याची पातळी वाढली नव्हती, उलट उन्हाने बोटभर उतरली होती. टाकी बांधून बरीच वर्षं झाली होती, तिच्या सिमेंटमधून आता काही सुटत नव्हतं. उरलं एकच. कोणीतरी पाण्यात काहीतरी टाकलं होतं. घरात माणसं तीन: तो, बायको ममता आणि आई जमनाबाई. भांडी घासायला येणारी वच्छलाबाई ॲसिडचा कॅन घरात आल्यापासून मागच्या अंगणात पाऊल टाकत नव्हती. "माही साडी जळन तं तुमी देसान का?" असं म्हणून तिने भांडी पुढच्या नळावर नेली होती.

घर विकायचं ठरलं होतं. जूनअखेर तो निवृत्त होणार होता. मुलगी अपेक्षा नागपूरला बँकेत होती. तिने तिच्या घराजवळ एक फ्लॅट बघून ठेवला होता, लिफ्ट असलेला, आजीच्या गुडघ्यांचा विचार करून. दिवाळीत ती आली तेव्हा जेवण झाल्यावर राजकुमारने विषय मांडला. कोळशाच्या धुळीबद्दल बोलला, आईच्या श्वासाबद्दल बोलला, निवृत्तीनंतर वणीत राहून करायचं काय, हेही बोलला. त्याने मुद्दे चांगले मांडले होते, हे त्याला तेव्हाही जाणवलं होतं. अपेक्षा खूश होती. आई सुपारी कातरत होती. ममताने ताटं उचलली. कोणी काही म्हटलं नाही. म्हणजे ठरलं. आतापर्यंत या घरातलं सगळं असंच ठरत आलं होतं आणि त्यात त्याला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. उलट, शेजारी वाद होऊन आवाज चढले की त्याला आपल्या घराच्या शांततेचा थोडा अभिमानच वाटे.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. सदाशिवराव देरकर, कापसाच्या जिनिंगवाले. पाहायला आले तेव्हा बरोबर बायको इंदुताई होत्या. खोल्या पाहून झाल्यावर राजकुमारने त्यांना मागे नेलं. पोहण्याची टाकी हा घराचा दागिना होता आणि पाहुण्यांना तो शेवटी दाखवायची त्याची रीत होती. पण थंडीभर त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. पाणी दुधाळ झालं होतं आणि निळ्या टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरी खरबरीत साय धरली होती.

"हे पाणी हाय का ताक?" इंदुताई म्हणाल्या.

"अवो, पूल म्हंते याले," सदाशिवराव म्हणाले. "फॉरेनमधी असते."

"असन. पण म्हशी धुवाच्या का यात?"

सदाशिवराव मनापासून हसले, मग राजकुमारकडे वळले. "आडेसाहेब, घर पसंत हाय. फक्त हे पाणी काच करून दाखवा. म्हंजे मले बी समजन का टाकं फुटलं-बिटलं नाई. होळीच्या आधीच्या रविवारी येतो, इसार देऊनच जातो."

तेव्हा राजकुमारने नागपूरहून तपासणीची पेटी मागवली, कॅन भरून ॲसिड आणलं आणि पाण्याला लागला. काम त्याच्या स्वभावाचं होतं. क्षारता म्हणजे पाण्याची ॲसिड पचवायची ताकद. ती जास्त असली की पाणी दुधाळ राहतं, थर धरतं, आणि त्यात ॲसिड ओतलं तरी पाण्याचा चेहरा बदलत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही. खाली मात्र थोडं थोडं खर्च होत असतं. म्हणून घाई करून चालत नाही. पंप बंद करायचा, वाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं, बादलीत आधी पाणी घ्यायचं आणि मग त्यात ॲसिड सोडायचं, कधीही उलट नाही, आणि ते खोल बाजूला हळूहळू ओतायचं. मग पंप लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थेंब मोजायचे. ॲसिडने पीएच फार खाली गेला तर पाणी परत आत सोडणारी तोंडं वरच्या बाजूला वळवायची, पाणी उकळल्यासारखं वर उडत राहतं, हवा खातं, पीएच आपोआप वर येतो आणि क्षारता मात्र उतरलेलीच राहते. मग पुन्हा थोडं ॲसिड. एक खाली ओढायचं, दुसरं वर येऊ द्यायचं, दोन्ही आपापल्या जागी बसेपर्यंत. त्याला हे आवडत होतं. हातमोजे, चष्मा, तोंडाला रुमाल. कॅनचं बूच उघडलं की एक पांढरट वाफ उठे आणि नाकाच्या शेंड्याला चावे. स्वयंपाकघराच्या जाळीतून ममता कधीतरी बघत असे. आई ओट्यावर उन्हात बसलेली असे. कोणी काही विचारत नसे.

आणि आज एकशे साठ. त्या दिवशी प्रयोगशाळेत भट्टीतून मुशी काढताना तो हाच विचार करत होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने न्हाणीघराची फळी पाहिली. धुण्याच्या सोड्याचं एक नवं पाकीट अर्धं झालं होतं. पाकीट कात्रीने कापलेलं होतं, सरळ. घरात पाकिटं कात्रीने कापणारी एकच होती. आई दाताने फाडायची, तो स्वतः जे हाताला लागेल त्याने. धुण्याचा सोडा पाण्यात गेला की क्षारता चढते, हे दहावीच्या विज्ञानात असतं, आणि ममता तर बारावी शास्त्र शिकलेली, पुढे डी. एड. झालेली. त्याने पाकीट हातात घेतलं. ते ओलसर होतं आणि त्याचे बारीक कण बोटांना चिकटले. त्याला राग आला नाही. आपल्याला राग येत नाही, हे त्याने नोंदवल्यासारखं लक्षात घेतलं. त्याला जे वाटलं ते बरंचसं अचंब्यासारखं होतं. या घरात पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हणत होतं.

जेवताना तो म्हणाला, "पाणी पुन्हा चढलं."

"कुठं?" ममताने विचारलं.

"टाक्यातलं. म्हणजे त्याची क्षारता."

"मंग?"

"मग काय. पुन्हा ॲसिड टाकावं लागेल."

"टाका," ती म्हणाली आणि आईच्या ताटात भाकर वाढली. "याडी, जरा दुधात कुस्करून देऊ का?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काही नव्हतं. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता, आणि तरी आज तो बघताना त्याला असं वाटलं की आपण वर्षानुवर्षं एका भिंतीकडे पाठ करून बसलो होतो आणि भिंतीत दार असल्याचं आता कोणीतरी सांगितलंय.

त्याने विचारलं नाही. विचारणं सोपं होतं: सोडा तू टाकतेस का? पण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, किंवा हो म्हणाली असती, आणि मग पुढे बोलावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने ॲसिड ओतलं. क्षारता उतरली. त्यानंतरच्या सकाळी ती चढलेली होती. त्याने पुन्हा उतरवली, ती पुन्हा चढली. तो आता सकाळी नळी हातात घेताना कुठल्याशा पत्राची वाट पाहिल्यासारखा थेंब मोजू लागला. बारावा, तेरावा, चौदावा, अजून हिरवं, आणि आत कुठेतरी त्याला बरंच वाटायचं. ती अजून म्हणतेय. तिने सोडलेलं नाही. मग तो हातमोजे चढवायचा. या दोन गोष्टी एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्याला त्यांच्यात काही विसंगत दिसत नव्हतं. रविवार जवळ येत होता. पाणी काच व्हायला हवं होतं.

कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जायचे त्या रस्त्याने तो मोटारसायकलवर खाणीत जायचा, आणि जाताना ममताबद्दल विचार करायचा. लग्नानंतर इतकी वर्षं त्याने तिच्याबद्दल असा सलग विचार केला नव्हता. ती दारव्ह्याजवळच्या तांड्यातली. लग्नात तिने एकदाही मान वर केली नव्हती, पण निघताना तिच्या बहिणी गळ्यात पडून ढावलो, लेकीला निरोप द्यायचं बंजारा रडगाणं, गाऊ लागल्या तेव्हा ही एकटीच रडली नव्हती. बैलबंडीच्या चाकाकडे बघत उभी होती. बायका म्हणाल्या होत्या, घट्ट हाय पोरगी. अपेक्षा लहान असताना तिला झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. ऑर्डर घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली. तो नाही म्हणाला नव्हता. हे त्याला नीट आठवत होतं आणि आतापर्यंत या आठवणीचा तो आधार घेत आला होता: मी नाही म्हटलं नाही. तो म्हणाला होता, बघ, तुझं तू ठरव. आणि मग त्याने रस्त्याबद्दल सांगितलं होतं, पावसात तुटणाऱ्या पुलाबद्दल, तिथे मुक्कामाला राहावं लागेल त्याबद्दल, पोरीच्या दम्याबद्दल. मुद्दे चांगले मांडले होते. तिने ऑर्डरची घडी केली. कुठे ठेवली, कोण जाणे. पुन्हा विषय निघाला नाही, आणि तो मनात म्हणाला होता, तिनेच ठरवलं.

टाकी बांधली तेव्हाही असंच. खाणीने तांडा आणि शेत घेतलं, बदल्यात नोकरी दिली आणि वर रक्कम. त्यातून हे घर. त्याला मागे पोहण्याची टाकी हवी होती. का हवी होती, हे त्याला धड सांगता आलं नसतं. लहानपणी तांड्याच्या विहिरीत उडी मारल्यावर कानात जो हिरवा गच्च आवाज भरायचा तो पुन्हा ऐकायचा असेल, किंवा नातलगांनी बघावं असं वाटलं असेल. नातलग आले, बघून गेले. धरमसिंगकाका काठावर बसून बराच वेळ पाण्यात टक लावून होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मासे कधी सोडतं?" सगळे हसले. ममताही हसली होती. ती कधी पाण्यात उतरली नाही. दुपारी काठावर पाय सोडून बसलेली त्याने तिला एकदोनदा पाहिलं होतं, आणि तो आल्याचं कळताच तिने पाय बाहेर काढून साडी खाली केली होती. तेव्हा त्याला वाटलं, लाजली. आता ट्रकच्या मागे धूळ खात जाताना त्याला वाटत होतं की ती जागा तिची होती आणि आपण तिथे नेहमी मध्येच उगवत होतो. म्हणून ती सोडा टाकते. तिला हे घर सोडायचं नाही. गोष्ट सरळ होती. सरळ गोष्ट कळल्याचं एक समाधान असतं, ते त्याला मिळालं. आणि संध्याकाळी घरी येऊन त्याने कॅनमध्ये ॲसिड किती उरलंय ते हलवून पाहिलं.

रविवारी सकाळी पाणी जवळजवळ काच होतं. तळाच्या टाइल्सच्या फटी मोजता येत होत्या. आदल्या दिवशी त्याने शेवटचं ॲसिड ओतलं होतं आणि आज दिवसभर घरीच राहून पाण्यावर नजर ठेवायचं ठरवलं होतं. पण केस वाढले होते, आणि देरकरांसमोर नीट दिसावं म्हणून तो कटिंगला गेला. दुकानात रविवारची गर्दी. बाकावर जागा नव्हती. तो तसाच परत आला आणि गाडी पुढे लावून बाजूच्या बोळातून मागे गेला.

आई टाकीच्या काठावर उकिडवी बसली होती. जमनाबाईचे गुडघे गेलेले, ती एरवी खाली बसत नसे. आता एक हात फरशीवर टेकून ती दुसऱ्या हाताने स्टीलच्या गंजातलं, उभ्या पातेल्यातलं, पाणी पळीने ढवळत होती. शेजारी कात्रीने कापलेलं पाकीट होतं. तिने गंज दोन्ही हातांनी उचलला आणि टाकीत हळूहळू ओतला, देवाला पाणी घालावं तसा. ते पडलं तिथून पाण्यात एक पांढरा ढग उठला आणि संथपणे पसरत गेला, खोल बाजूला, तळाकडे, फटी पुसत.

"याडी, काय टाकून राह्यली?"

तिने दचकून मागे पाहिलं नाही. "सोडा."

"कायले?"

"तू तेजाब टाकतं ना. त्याले माराले." तिने गंज विसळला आणि तेही पाणी आत सोडलं. "शामच्या पायावर बॅटरीचं तेजाब सांडलं होतं, तवा सोडाच टाकलता. नाई तं भावाचा पाय गेला असता तुह्या."

"रोज टाकतं का तू?"

"तू टाकतं त्याच्या दुसऱ्या रोजी. तू गेल्यावर. पाकीट ममताच्या फळीवरचं घेतो, तिले सांगजो नको, सोडा लवकर सरते म्हणून वच्छलेवर चिडते ते."

तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. उन्हाने फरशी तापू लागली होती. "याडी, मी ते पाणी साफ कराले टाकत होतो. तुह्या सोड्यानं ते पुन्हा खराब होते."

"साफ?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं तो लहानपणी खोटं बोलताना पकडला गेला की बघायची. "तोंडाले फडकं बांधून टाकतं. हातात रबर घालतं. वच्छला इकडं येत नाई. अन म्हणे साफ. ते देरकराची लेकरं उतरतीन यात. आपण तं जाऊन राह्यलो. जाताना मागच्याच्या पाण्यात तेजाब ठेवून जाव का? पाणी सोडाचं तं गोड करून सोडाव. तांडा उठला तवा आमी काय केलतं, इसरला?"

तो विसरला नव्हता. फक्त त्या बाजूला गेला नव्हता. तांडा उठवायचा शेवटचा दिवस. त्याने ट्रक आणला होता, सामान चढलं होतं, खाणीची यंत्रं शेताच्या बांधाशी येऊन उभी होती, त्यांचे पिवळे रंग उन्हात झगझगत होते. आणि बायका विहीर उपसत होत्या. आई दोराला धरून पायऱ्यांवर उभी, खालून गाळाच्या बादल्या येत होत्या, वर त्या हातोहात जात होत्या. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. राजकुमार ओरडला होता की ही विहीर उद्या राहणार नाही, इथे खड्डा होणार आहे, हे पाणी कोण पिणार आहे? आईने वर बघून म्हटलं होतं, "आपण पेलो ना." ही तिच्या सासूची रीत होती, सासूला तिच्या सासूकडून आलेली, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य घालून फिरायच्या दिवसांतली: मुक्काम हलवायचा तर पाण्याची जागा साफ करून हलवायचा. बायकांनी विहीर तळापर्यंत उपसली. तळाला नवा झरा वर आला तो त्या वाकून बघत राहिल्या, आणि मग ट्रकमध्ये चढल्या.

तो पांढरा ढग आता टाकीभर झाला होता. म्हणजे आई कधीच निघून गेली होती. दिवाळीत सुपारी कातरता कातरताच तिने मनात बोचकं बांधलं होतं आणि ती फक्त मागचं आवरत होती. ज्याला तो नकार समजत होता तो निरोप होता. त्याला हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाच्या खाली, पायरी चुकावी तसं, काहीतरी रिकामं लागलं. सकाळची ती पत्रं लिहिणारं कोणी नव्हतं.

त्याने आईला उठवून ओट्यावर बसवलं आणि आत गेला. ममता देरकरांसाठी आलुबोंड्यांची तयारी करत होती. उकडलेले बटाटे ताटात वाफाळत होते आणि ती सालं काढत होती.

"ऐक ना, गंमत झाली," तो म्हणाला. त्याला खरंच हसू येत होतं. "पाणी का चढत होतं ते सापडलं. आई सोडा टाकत होती. ॲसिड मारायला."

"याडी?" ममताही हसली. "म्हणूनच पाकिटं सरून राह्यली. मी वच्छलाबाईले उगीच बोलली."

"आणि मला वाटत होतं तू टाकतेस."

"मी? मी काहून टाकन?"

"मला वाटलं..." तो अजून हसतच होता. "मला वाटलं, तुला घर सोडायचं नाही. म्हणून."

तिचे हात थांबले. बटाट्याचं साल अर्धं सुटून लोंबत राहिलं.

"तुमाले असं वाटलं?"

"हो."

"केव्हापासून?"

"झाला असेल एक आठवडा."

"अन इचारलं नाई."

बाहेर पंप चालू होता, त्याची घरघर ओट्याच्या दगडातून येत होती. ममताने बटाटा ताटात ठेवला. ती चिडलेली नव्हती. एखादी बेरीज पुन्हा करून बघावी तसं ती बोलली.

"म्हंजे तुमाले वाटलं, मी नाई म्हणून राह्यली. अन तरी तुमी टाकतच राह्यले."

त्याने तोंड उघडलं. मुद्दे होते. देरकर येणार होते, शब्द दिलेला होता, पाणी स्वच्छ करणं वेगळं आणि घर विकणं वेगळं. ते मुद्दे एकामागे एक नीट उभे होते, पहिला जिभेवरही आला होता, आणि त्याने तो गिळला. ती म्हणाली तसंच झालं होतं. त्यात तोलायला काही उरलं नव्हतं.

"तुला सोडायचंय का घर?" त्याने विचारलं.

"मले माहीत नाई," ममता म्हणाली. "खरंच नाई माहीत. नागपूरले जाव असं बी वाटते, पोरगी हाय तिथं. पण मले कोणी इचारलं नाई, तं मी बी सोताले इचारलं नाई. आता एकदम तुमी..." तिने साल ओढून काढलं. "सरका. तेल तापलं."

तेवढ्यात पुढे गाडी थांबल्याचा आवाज आला. देरकर सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आले होते. राजकुमार बाहेर गेला तेव्हा सदाशिवराव फाटक उघडून आत आलेच होते, नवा सदरा घातलेला, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय म्हंते पाणी? झालं का काच?"

"नाही झालं," राजकुमार म्हणाला.

"होईन ना बाप्पा. पाण्याचं काय एवढं. आम्ही मुहूर्त पाहून निंघालो. इसार घ्या, पेढा खा."

"घराचंही अजून ठरलं नाही."

सदाशिवरावांचा पुढे आलेला हात तसाच राहिला. "अशी कशी गोष्ट करता साहेब? तुमी तं म्हणाले, घरात समद्याईचं ठरलं."

"मले बी तसंच वाटत होतं." खाणीत, पाहुण्यांत आणि ममताशीही तो पुस्तकी बोलायचा, आपण तांड्यातल्यासारखं बोललो हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"मंग आमाले बोलावलं कायले, या उनात?" इंदुताई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या. "दुसरं मोठं गिऱ्हाईक आलं असन. सांगा ना सरळ."

"तसं नाही ताई. विचारायचं राहून गेलं होतं."

"कोणाले?"

विचारता विचारताच इंदुताईंनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. दारात ममता उभी होती, हाताला बेसन. दोघी एकमेकींकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग इंदुताई नवऱ्याला म्हणाल्या, "राहू द्या. घर काय पळून चाललं?"

"तू तं म्हणत होती..."

"म्हणत होती. आता नाई म्हणत."

ममताने त्यांना तसं जाऊ दिलं नाही. आलुबोंडे झाले होते. चौघं पुढच्या खोलीत बसले, आणि कोणाला फारसं काही बोलायचं नसताना खाणं जसं नीट होतं तसं ते झालं. सदाशिवराव आधी फुगून बसले होते, पण चटणीने त्यांचा नाइलाज केला. आई आतून आली आणि इंदुताईंच्या शेजारी बसून त्यांच्या लेकरांची नावं विचारू लागली. जाताना सदाशिवराव फाटकाशी थांबले. "आडेसाहेब, मी दिवाळीलोग थांबत नसतो. मले दुसरं घर भेटन. तुमाले दुसरं गिऱ्हाईक भेटन का, ते पाहा," असं म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा तिथेच फाटकाच्या खांबावर ठेवून गेले.

तो परत आला. ममता बशा गोळा करत होती. आई भिंतीला टेकून पेंगत होती.

"अपेक्षाला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"मले काय इचारता?"

"तुलाच विचारतोय."

तिने बशांवर बशा ठेवल्या. तो खुर्चीत बसून राहिला. वाट बघायची त्याला सवय होती. भट्टी निवण्याची, रंग पालटण्याची, पाण्याने हवा खाण्याची. पण त्या सगळ्यांत शेवटी काय येऊ शकतं हे आधी ठाऊक असायचं. आता हाताशी ना नळी होती ना थेंब. त्याने हात मांडीवर ठेवले आणि ते तिथे कसे ठेवावेत हे त्याला कळेना.

"खाणीच्या क्वार्टरमधी होतो आपण," ममता म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "मागं मी वांगे लावलते. वाफा केलता, सांडपाणी वळवून. तुमाले आठवते?"

हो म्हणणं सोपं होतं. आठवायला काय, एक वाफा, चार रोपं. हो म्हटलं असतं तर ती पुढे गेली असती आणि हे लवकर आटोपलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही आठवत."

"फुलावर आलते, तवाच आपण या घरात आलो," ती म्हणाली. तिने बशा खाली ठेवल्या, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.